जुन्या लष्करी रायफलींच्या लाकूडकामातील बदल : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

संग्रहातील निकामी केलेल्या जुन्या लष्करी रायफलींच्या लाकूडकामाची तपासणी आजपासून सुरू झाली. धातूच्या भागांची नोंद पूर्वीच झालेली असून कारखान्यांचे ठसे, क्रमांक आणि उत्पादनाची वर्षे यादीत आहेत. लाकडाबाबत मात्र जुन्या यादीत ‘ठिगळ मारलेले’, ‘भोक बुजवलेले’, ‘दस्ता दुरुस्त’ एवढेच शेरे आढळतात आणि त्यावरून तो बदल कोणी व कशासाठी केला हे काहीच कळत नाही. कारखान्याने, लष्करी कार्यशाळेतल्या आर्मररने (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने), ती रायफल बाळगणाऱ्या शिपायाने की कित्येक दशकांनंतर ती विकायला काढणाऱ्याने, हे ठरवणे हाच या प्रकल्पाचा उद्देश आहे.

कामाची पद्धत ठरवताना एका गोष्टीवर आमचे एकमत झाले. बदलाला नाव सर्वांत शेवटी द्यायचे. आधी कशावर काय आहे ते पाहायचे. ठिगळाच्या सांध्यावरून एखादा ठसा अखंड गेला असेल तर ठिगळ आधीचे आणि ठसा नंतरचा. सांध्याने ठशाचे अक्षर मधोमध कापले असेल तर क्रम उलटा. हाच नियम पॉलिशला, ओरखड्यांना आणि स्क्रूंच्या भोकांनाही लागू पडतो. अक्रोडाच्या लाकडात टॅनिन असल्यामुळे लोखंडी स्क्रूभोवती ओलाव्याने निळसर काळा डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षे लाकडात झिरपत जातो. जुन्या अक्रोडात लोखंडी स्क्रू बसलेला असूनही भोवतीचे लाकूड स्वच्छ असेल, तर तो स्क्रू तिथे फार काळ नव्हता असे समजायला हरकत नाही.

तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही दस्त्याला तेल, मेण वा पॉलिशपेपर लावायचा नाही, असेही ठरले. ज्या थरांवरून आम्हाला क्रम लावायचा आहे, ते थर स्वच्छतेच्या उत्साहातच सर्वाधिक नष्ट होतात.

९ जानेवारी

पहिली रायफल जपानी अरिसाका, टाइप ९९. यादीतला शेरा : ‘दस्ता खालच्या बाजूने फुटलेला, जोड देऊन दुरुस्त.’ दस्त्यावर मागून पुढे जाणारी लांब आडवी रेघ खरोखरच दिसते आणि वरच्या व खालच्या तुकड्यांच्या रंगात थोडा फरकही आहे. परंतु ही दुरुस्ती नव्हे. अरिसाका रायफलींचा दस्ता वरचा व खालचा असे दोन तुकडे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांच्या चिमणी-सांध्याने जोडूनच तयार होत असे, कारण दस्त्याचा खाली उतरणारा भाग एकसंध फळीतून काढायचा तर बरेच लाकूड वाया जाते. सांधा बटप्लेटखालीही (दस्त्याच्या मागच्या टोकावरील धातूच्या पट्टीखालीही) सलग जातो आणि दोन्ही तुकड्यांवरचा मूळ लेप एकच आहे. शेरा रद्द केला. वेळाने लाकूड आक्रसल्यामुळे हा सांधा उघडा पडतो आणि मग तो तडा वाटू लागतो. असा शेरा अन्य यादींतही असणार, याबद्दल मला शंका नाही.

१४ जानेवारी

आजचा सगळा दिवस एका एसएमएलई मार्क ३ या ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीने घेतला, आणि तो तिला द्यायलाच हवा होता. नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या डाव्या अंगाला अक्रोडाचे एक ठिगळ आहे. दस्त्याच्या उजव्या अंगाला सुमारे इंचभर व्यासाचे गोल बुजवलेले भोक आहे. एकाच रायफलीवर दोन ठिगळे पाहून जुन्या यादीकाराने ‘लाकूड बरेच खराब’ असे लिहून ठेवले होते.

१९०७ साली स्वीकारलेल्या मार्क ३ ला नेहमीच्या साइटखेरीज (नेम धरण्याच्या साधनाखेरीज) डाव्या अंगाला लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबारासाठी वेगळी साइट असे. तिची पुढची तबकडी नेमकी याच जागी, पुढच्या लाकडात कोरलेल्या खळग्यात बसवलेली असे. दस्त्यावरची पितळी चकती पलटण आणि रायफलीचा क्रमांक कोरण्यासाठी होती. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवायचा होता, म्हणून १९१६ च्या सुरुवातीला तारांकित मार्क ३ मंजूर झाली आणि सामूहिक गोळीबाराची साइट, मॅगझिनमधून काडतुसे येणे थांबवणारी कट-ऑफ पट्टी अशा गोष्टी वगळल्या गेल्या. चकतीही युद्धकाळातल्या याच काटकसरीत गेली. अर्थात कागदावरचा आदेश आणि कारखान्यातला लाकडाचा साठा एका दिवशी बदलत नाहीत. त्यामुळे जुन्या घडणीचे लाकूड नव्या रायफलीवर आणि नव्या घडणीचे लाकूड जुन्या रायफलीवर सर्रास सापडते.

प्रश्न असा, की ही दोन्ही ठिगळे लष्करी कार्यशाळेतली आहेत काय? डाव्या अंगाच्या ठिगळाचे रेषे पुढच्या लाकडाच्या रेषांना समांतर धरलेले आहेत, तुकडा पृष्ठभागाशी एकसारखा तासलेला आहे आणि तिरप्या प्रकाशात पाहिल्यावर हातांच्या वापराने आलेली झीज ठिगळावरून अखंड पुढे जाते. दस्त्यावरचे वर्तुळही तसेच आहे. त्याच्या मधोमध मूळ चकतीच्या स्क्रूचे भोक मात्र दिसत नाही, म्हणजे जुना खळगा केवळ भरला नाही, तर वरून पूर्ण झाकेल असा तुकडा बसवला. त्या तुकड्याच्या कडेवरून दस्त्याचा एक जुना तपासणी-ठसा गेला असून त्याचा अर्धा भाग ठिगळावर आणि अर्धा मूळ लाकडावर सारख्याच खोलीचा आहे. एवढ्यावर निर्णय पक्का होतो. भरणी आधी, लष्करी तपासणी नंतर. ‘लाकूड बरेच खराब’ ऐवजी आता ‘लष्करी कार्यशाळेत सुधारित नमुन्यानुसार बदल’ अशी नोंद जाईल.

याच रायफलीबाबत एक सूचना सर्वांसाठी लिहून ठेवतो. एसएमएलईचा दस्ता काढायचा असेल तर पुढचे लाकूड आधी उतरवावे. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या पट्टीत अडकलेले असते. तो तसाच फिरवला तर लाकूड आतून फाटते. संग्रहातल्या पुढच्या लाकडांचे मागच्या बाजूचे कित्येक तडे युद्धातले नसून अशा घाईने केलेल्या सोडवणुकीतले आहेत, असे मला वाटते.

१५ जानेवारी

कालच्या कामाला जोडून दस्त्याच्या लांबीचा प्रश्न निकाली काढला. एक एसएमएलई दस्ता इतरांपेक्षा स्पष्टपणे आखूड आहे आणि त्यावर ‘कापलेला’ असा शेरा होता. ब्रिटिश दस्ते मुळातच वेगवेगळ्या लांबीचे बनत : नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि एक इंच आखूड असा बँटम. लांबीचे अक्षर दस्त्याच्या वरच्या कडेवर, बटप्लेटच्या पुढे आलेल्या जिभेच्या थोडे पुढे ठोकलेले असते. इथे त्याच जागी ‘बी’ हे अक्षर असून जिभेची खोबणही व्यवस्थित आहे. करवतीने मागून कापलेल्या दस्त्यात ही खोबण नव्याने कोरावी लागते आणि अक्षर बहुधा कापलेल्या तुकड्याबरोबरच जाते. बँटम दस्ता कारखान्यातूनच असा आला. तो दुर्मीळ असल्यामुळे ‘कापलेला’ हा शेरा विशेषच अन्यायकारक होता.

२१ जानेवारी

आडव्या स्क्रूंची पाहणी. पुढच्या लाकडाच्या मागच्या भागात, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, आसपास, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे आरपार जाणारा स्क्रू असलेल्या काही एसएमएलई आहेत. इशापूर रायफल कारखान्यात बनलेल्या किंवा तिथे दुरुस्त झालेल्या रायफलींवर हा स्क्रू नित्य आढळतो, इतका की जगभरचे संग्राहक त्याला इशापूर स्क्रू या नावानेच ओळखतात. धक्क्याचा भार घेणाऱ्या या भागातले लाकूड उभे फाटू नये, यासाठी ही तरतूद आहे. १९६० च्या दशकात ७.६२ मिमी काडतुसांसाठी बनलेल्या इशापूरच्या २ए आणि २ए१ रायफलींवरही ती दिसते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्क्रू आहे म्हणून रायफल इशापूरची ठरत नाही, कारण इंग्लंडात बनलेल्या रायफली भारतात सेवेला आल्या आणि तिथल्या कार्यशाळांतून नव्या लाकडासह बाहेर पडल्या. त्यामुळे स्क्रू हा लाकडाच्या इतिहासाचा पुरावा आहे, धातूच्या नव्हे.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याची एक रायफल उघडली. पुढच्या लाकडाच्या आत, रिसिव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा भाग) धक्का देतो त्या दोन टेकूंवर तांब्याच्या लहान पट्ट्या बसवलेल्या आहेत. बाहेरून त्यांचा मागमूस नसतो आणि उघडून पाहणाऱ्याला त्या कोणीतरी फट बुजवण्यासाठी घातल्या असाव्यात असे वाटते. लिथगोने स्थानिक लाकडे वापरली. ती अक्रोडापेक्षा मऊ असल्यामुळे टेकू दबत, आणि तो दाब पसरवण्यासाठी तांबे आले. या पट्ट्या काढून टाकू नयेत. दस्त्यावर ‘२ एमडी’ असा ठसा आहे. तो ऑस्ट्रेलियातील लष्करी जिल्ह्याचा क्रमांक असून २ म्हणजे न्यू साउथ वेल्स.

२७ जानेवारी

तार गुंडाळलेली रायफल. पुढच्या लाकडावर आणि वरच्या झाकणपट्टीवर मिळून ओळीने तारेचे वेढे असून ते डाखणाने पक्के केले आहेत. पाहणाऱ्याला पहिल्यांदा हे फुटलेले लाकूड बांधण्याचे काम वाटते, आणि एकाने तसे बोलूनही दाखवले. प्रत्यक्षात हा ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींचा ओळखीचा बदल आहे. नळीच्या तोंडाशी पेला बसवून त्यातून ३६ क्रमांकाचा मिल्स बाँब उडवला जाई. त्या वेळी बसणारा धक्का नेहमीच्या गोळीच्या मानाने फारच जबर असल्याने लाकूड फाटे. वेढ्यांनी ते धरून ठेवले, आणि नळी फुटलीच तर तुकडे उडून शिपायाला इजा होण्याची शक्यताही त्यांनी कमी केली.

अस्सलपणाची कसोटी इथेही क्रमातच सापडली. दोन वेढ्यांच्या फटीत साचलेला मळ व जुना लेप आणि तारेखालचे लाकूड यांची तुलना भिंगातून केली. तारेखाली लाकडावर तारेच्या जाडीएवढ्या उथळ खाचा पडल्या आहेत. धक्क्यांनी तार लाकडात रुतल्याशिवाय अशा खाचा उमटत नाहीत. शोभेसाठी नव्याने गुंडाळलेली तार पृष्ठभागावर नुसती बसलेली असते. ही तार खरी आहे.

३ फेब्रुवारी

आजचे प्रकरण नाजूक होते, कारण देणगीदाराकडून आलेल्या कागदात या नंबर ४ (एसएमएलईनंतरच्या ब्रिटिश ली-एनफील्ड) रायफलीचे वर्णन ‘माजी स्नायपर’ असे केलेले आहे. आधार एकच : दस्त्याच्या वरच्या कडेवर एकामागे एक बुजवलेली दोन भोके. नंबर ४ टी या स्नायपर रायफलीच्या दस्त्यावर गालाला टेकण्यासाठी लाकडी ठोकळा दोन स्क्रूंनी बसवलेला असे, हे खरे. तो नंतर काढला तर अशी दोन भोके उरतात, हेही खरे.

पण स्नायपर रायफल म्हणजे नुसता ठोकळा नव्हे. हॉलंड अँड हॉलंड या कंपनीकडे रूपांतरासाठी गेलेल्या रायफलींच्या दस्त्याच्या खालच्या अंगाला तिचा ‘एस ५१’ हा संकेतांक ठोकलेला असतो. दस्त्याच्या मनगटासारख्या निमुळत्या भागावर वरून त्या रायफलीला जोडलेल्या दुर्बिणीचा क्रमांक असतो, आणि रिसिव्हरच्या डाव्या अंगावर दुर्बिणीच्या कंसासाठी गाद्या बसवलेल्या असतात. आमच्या रायफलीच्या रिसिव्हरवर गाद्या नाहीत, त्या काढून घासल्याच्या खुणाही नाहीत. दस्ता बदललेला असू शकतो, म्हणून लाकूड स्वतंत्रपणे तपासले. तिरप्या प्रकाशात ‘एस ५१’ किंवा क्रमांक यांपैकी काहीही उमटले नाही. आणि ते घासून काढले असावेत म्हणावे, तर लाकडाची कड कुठेही खाली गेलेली नाही.

मग भोके कशाची? अतिनील दिव्याखाली दोन्ही बुजवण्यांच्या कडा निळसर पांढऱ्या चमकल्या. ही चमक आधुनिक कृत्रिम सरसाशी जुळते. खुंट्यांपैकी एक काळजीपूर्वक उचलली असता खालच्या भोकात आटे आढळले ते लाकडात बसवायच्या साध्या स्क्रूचे, आणि भोकाच्या भिंतींवर लोखंडाचा काळा डाग नव्हता. कोणीतरी अलीकडच्या काळात ठोकळा बसवला, आणि पुन्हा अलीकडेच तो काढून भोके बुजवली. आता देणगीदाराला कळवण्याचे काम आहे. मसुद्यात ‘बनावट’ हा शब्द मी काढून टाकला, कारण गाल टेकवायला सोयीचे व्हावे म्हणून साध्या रायफलीवर ठोकळा बसवणारे हौशी नेमबाज पुष्कळ होते आणि फसवण्याचा हेतू होता असे लाकूड काही सांगत नाही.

१० फेब्रुवारी

मोसिन-नागां रायफली. फिनलंडच्या एम ३९ च्या लाकडात पुढच्या भागात बोटे एकमेकांत गुंतवल्यासारखा सांधा आहे. अरिसाकाप्रमाणेच ही मूळ रचना होय : दोन तुकडे जोडल्याने लाकूड वाचते आणि ओल-थंडीत लांब दस्ता पिळवटून नळीवर दाब येण्याचा धोका कमी होतो. फिनलंडने मोसिनचे रिसिव्हर स्वतः कधी बनवले नाहीत, रशियाचेच वापरले. त्यामुळे धातूवर रशियन कारखान्याचे जुने वर्ष आणि लाकूड मात्र फिनिश, अशी जोडी इथे नियमच आहे.

सोव्हिएत रायफलीवरची तीन ठिगळे वेगळ्या प्रकारची निघाली. एक बटप्लेटच्या टाचेशी, एक रिसिव्हरच्या मागे आणि एक पुढच्या टोकाशी; लाकूड जुळवण्याची फारशी पर्वा केलेली नाही, आणि सर्वांवर जाड चपडा लाखेचा थर आहे. अतिनील दिव्याखाली हा थर नारिंगी दिसतो. तो ठिगळांवरून अखंड वाहिला आहे, म्हणजे ठिगळे आणि लेप एकाच फेरीत झाले. रिसिव्हरवर मोठ्या डागडुजीचा चौकोन आणि त्यातली तिरकी रेघ आहे. सर्व पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. साठ्यात ठेवण्याआधी केलेले हे सामूहिक काम आहे. त्यात कारागिराची नजाकत शोधणे व्यर्थ, पण मजबुतीत खोट काढता येत नाही.

१८ फेब्रुवारी

चकत्यांची तुलना झटपट आटोपली. जर्मन गेवेअर ९८ च्या दस्त्यावरची मूळ चकती पलटणीच्या खुणांसाठी होती. पहिल्या महायुद्धात तिची जागा पोकळ वर्तुळाने घेतली, आणि त्यात टोक टेकवून बोल्टमधील फायरिंग पिन सोडवता येऊ लागली. पुढे कार ९८के वरही तीच सोय आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सरलीकृत नमुन्यात वर्तुळ वगळून बटप्लेटच्याच अंगाला भोक ठेवले गेले. स्वीडिश एम/९६ च्या दस्त्यावरील पितळी चकतीवर नळीची अवस्था आणि दारूगोळ्याच्या प्रकारानुसार नेम किती वर-खाली धरावा, याची माहिती असते. तिघींचेही वर्णन यादीत ‘सजावटीची चकती’ असे एकाच शब्दांत होते.

२५ फेब्रुवारी

फ्रेंच बर्थिए कार्बाइन. डाव्या अंगाला लाकडाची लांब, बारीक पट्टी सरळ खोबणीत बसवलेली आहे. पूर्वी या जागी सफाईची सळई असे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती काढून खोबण अशा पट्टीने बुजवण्यात आली. पट्टीचे काम अत्यंत साफ असल्यामुळे ओलसर बोट फिरवल्यावरच सांधा उठून दिसतो. माझ्या मते संपूर्ण संग्रहातले हे सर्वांत देखणे लष्करी ठिगळ आहे.

दुपारनंतर कोरीव नावे आणि खाचा घेतल्या. दस्त्यावरच्या ओळीने पाडलेल्या खाचांना ‘मारलेल्या शत्रूंची गणती’ म्हणण्याची हौस फार. इथे ज्या खाचा आहेत त्यांच्या कडा धारदार असून तळाशी मळ नाही, आणि त्या दस्त्यावरच्या दोन टवक्यांना छेदून जातात; टवके मात्र आतपर्यंत काळवंडलेले आहेत. खाचा नंतरच्या आहेत, एवढेच लिहिले. शेजारच्या दस्त्यावरील आद्याक्षरांची गोष्ट निराळी : ती झिजून गुळगुळीत झाली आहेत आणि त्यांच्यावरून विक्रीची खूण, म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन बाण, स्पष्टपणे ठोकलेली आहे. सरकारने रायफल सेवेतून काढून विकली तेव्हा ही अक्षरे तिच्यावर होतीच. अक्षरे कोणाची, हे मात्र नोंदीत येणार नाही. जुळणारे नाव शोधून चिकटवण्याचा मोह टाळलेला बरा.

५ मार्च

शेवटची एसएमएलई सर्वांत स्वच्छ दिसते, आणि तिच्याविषयी संशयही त्यामुळेच आला. दस्ता चकचकीत, कुठे टवका नाही. बटप्लेटच्या कडेवर नख फिरवले की धातू लाकडापेक्षा वर आलेला जाणवतो. दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो तिथेही हीच स्थिती आहे. लष्करी लाकूड कारखान्यातून निघताना धातूशी समतल किंवा किंचित वर असते. सगळीकडे सारखेच खाली गेलेले लाकूड पॉलिशपेपरचे असते, वापराचे नव्हे, कारण वापराची झीज हाताच्या आणि खांद्याच्या जागी असमान पडते.

दिवा जवळपास दस्त्याला समांतर धरल्यावर उजव्या अंगाला दोन मोठ्या अक्षरांची पुसट छाया उमटली. ठसा ठोकताना त्याखालचे तंतू दबतात, आणि वरचा थर घासून गेला तरी ती दाबलेली जागा काही अंशी उरते. अक्षरे ‘डीपी’, म्हणजे ही केवळ कवायतीसाठी ठरवलेली रायफल आहे. पुढच्या लाकडावर तोच ठसा त्याच पद्धतीने घासलेला सापडला. धातूवर मात्र तो अजून आहे, नळीवरच्या लाकडी झाकणपट्टीच्या कडेखाली. तिथे घासणाऱ्याचा हात पोहोचला नाही. बटप्लेटच्या स्क्रूंपैकी एकाच्या डोक्यावर अधिक चिन्हाची खाच आहे. या खाचेच्या स्क्रूला फिलिप्सचे पेटंट मिळाले १९३६ साली, तर रिसिव्हरवर वर्ष १९१७.

ही नोंद इतरांसारखी केवळ वर्णनाची ठेवून चालणार नाही. डीपी ठरवलेल्या रायफली गोळी झाडण्यास असुरक्षित मानल्या जात आणि त्यांचे भाग हेतुपुरस्सर निकामी केले जात. असा दस्ता दुसऱ्या रायफलीवर चढवला, किंवा ही रायफल उद्या दुसऱ्या संस्थेकडे गेली, तर घासलेला ठसा लपून राहता कामा नये. म्हणून पत्रकात दोन्ही छायांचे तिरप्या प्रकाशातील फोटो जोडले, धातूवरील ठशाची जागा मोजमापासह लिहिली आणि रायफलीला बांधायच्या लाल चिठ्ठीवर ‘कवायती, ठसा घासलेला’ असे ठळक अक्षरात नोंदवले. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू जागच्या जागी ठेवला आहे. तो बदलला तर घासकाम केव्हाचे याचा एकमेव ठोस दुवा जाईल.